भिंत कोणी दिली?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवत राहिले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना त्यांनी मुलांच्या पिढ्या बसवल्या. त्यातली बहुतेक मुलं पुढे चित्रकार झाली नाहीत. कोणी बँकेत गेलं, कोणी शेती पाहतं. पण त्या मुलांच्या घरांतल्या भिंती, अंगणं, अक्षरं यांत सरांचा हात आजही दिसतो. त्यांच्या नावानं उभं राहून बोलायचं, तर चित्राबद्दल आणि चित्रकाराबद्दलच बोलावं, हे मी निमंत्रण आलं त्याच दिवशी ठरवलं होतं.

माझ्यासमोर एक प्रश्न गेली काही वर्षं आहे. मी स्वतः चित्रं काढतो, शिकवतो, आणि माझ्या पिढीतली अनेक माणसं माझ्या डोळ्यांदेखत थांबलेली पाहतो. कोणाला आजारानं थांबवलं, कोणाला निवृत्तीनं. काही जण तर आपल्या कामाची कोणाला गरजच नाही असं वाटून थांबले. हात शाबूत आहे, रंग घरात आहेत, वेळही आहे, तरी महिनोन् महिने कागदाला हात लागत नाही. अशा माणसाला पुन्हा काम करावंसं कसं वाटतं? प्रयोजन परत कुठून येतं?

आपलं नेहमीचं उत्तर असं असतं की ते आतून येतं. जिद्द हवी, इच्छाशक्ती हवी, कलावंतानं स्वतःत डोकावावं. मला हे उत्तर पटत नाही, आणि ते थांबलेल्या माणसावर अन्याय करतं असंही वाटतं. थांबलेला माणूस स्वतःत डोकावूनच तर थांबलेला असतो. ज्यांची आयुष्यं मी जवळून वाचली, पाहिली, त्या कलावंतांना प्रयोजन परत मिळालं ते कोणीतरी बाहेरून काही देऊ केलं तेव्हा. एक जागा, एक भिंत, ऐकणारे चार कान, एखादं काम. ही गोष्ट मला आज एका चित्रकाराच्या आयुष्याच्या आधारानं सांगायची आहे. त्याचं नाव बिनोदबिहारी मुखर्जी.

मराठी वाचकाला रामकिंकर बैज आणि नंदलाल बोस ही नावं थोडीफार ठाऊक असतात. बिनोदबिहारींचं नाव मात्र बरेचदा सत्यजित राय यांच्या एका लघुपटामुळे कानावर येतं आणि तिथंच राहतं. त्यांचा जन्म 7 फेब्रुवारी 1904 चा, कोलकात्याजवळच्या बेहालाचा. जन्मापासूनच एका डोळ्यानं दिसत नव्हतं आणि दुसऱ्याची नजर इतकी अधू, की वस्तू अगदी डोळ्याशी धरावी तेव्हा दिसायची. नेहमीच्या शाळांत त्यांचं जमलं नाही. 1917 मध्ये ते शांतिनिकेतनात आले, आणि 1919 मध्ये तिथं कलाभवन सुरू झालं तेव्हा त्याच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांत ते होते.

इथं एक प्रसंग घडला. नंदलाल बोस हे थोर शिक्षक, पण या मुलाला चित्रकलेत घ्यावं का याबद्दल तेही साशंक होते. ज्याला नीट दिसत नाही त्याला चित्र काय शिकवणार? शंका योग्यच होती. प्रश्न रवींद्रनाथांपर्यंत गेला. मुलगा आपल्या जागेवर नियमित बसतो का आणि मन लावून काम करतो का, एवढंच त्यांनी विचारलं. बसतो, असं कळल्यावर त्यांनी सांगितलं, की मग त्याला त्याच्या भवितव्याची काळजी करायला लावू नका, त्याचा मार्ग त्याला शोधू द्या.

या प्रसंगाकडे आपण रवींद्रनाथांच्या मोठेपणाचा प्रसंग म्हणून पाहतो. मला त्यातली अट जास्त महत्त्वाची वाटते. ही दयेची जागा नव्हती. जागा संस्थेनं द्यायची आणि बसायचं विद्यार्थ्यानं. यातली एकच बाजू उरली तर काही होत नाही. नुसती जागा दिली की माणूस काम करतो असं मी म्हणत नाही. पण जागाच नसलेल्या माणसाला तू रोज का बसत नाहीस असं विचारण्यात काय अर्थ आहे?

बिनोदबिहारी बसले. शांतिनिकेतनच्या आसपास लाल मुरमाड माती पावसानं खरवडून झालेली खळगेदार जमीन आहे, तिला खोआई म्हणतात. झाड विरळ, माणूस विरळ, एखादा ताड उभा. हा ओसाड भूभाग त्यांनी आयुष्यभर रंगवला. ज्याला दोन वितींपलीकडचं धूसर दिसतं त्यानं निसर्गदृश्य हा आपला विषय करावा, याचं सुरुवातीला आश्चर्य वाटतं. पण त्यांची विशीतली एक गुंडाळी पाहिली की उलगडा होतो. 1924 मधली शांतिनिकेतनची दृश्यं असलेली ही कागदाची पट्टी काही इंच रुंद आणि 40 फुटांहून अधिक लांब आहे. एकावेळी हातभर उलगडायची, पाहायची, पुढे जायचं. सगळं एका नजरेत सामावणारं दृश्य त्यांच्या वाट्याला आलंच नव्हतं. म्हणून त्यांनी चालत चालत दिसणारं दृश्य रचलं. पुढे 1937-38 मध्ये ते जपानला गेले आणि तिथल्या जुन्या चित्रकारांची कामं त्यांनी पाहिली. मोकळी सोडलेली जागासुद्धा चित्रात किती काम करते, हे त्या प्रवासानंतरच्या त्यांच्या चित्रांत स्पष्ट दिसतं.

मग भिंती आल्या. 1940 मध्ये कलाभवनाच्या वसतिगृहाचं छत. मध्ये एक तळं, आणि त्याच्या चारी बाजूंनी बीरभूमच्या खेड्यातली झाडं, माणसं, जनावरं. कुठूनही पाहायला सुरुवात करावी, वर-खाली अशी दिशाच नाही. त्याच वर्षी एक तरुण विद्यार्थी कलाभवनात दाखल झाला आणि वर पाहून थक्क झाला. तो म्हणजे सत्यजित राय. 1942 मध्ये चीना भवनात शांतिनिकेतनच्या रोजच्या जगण्याचं चित्र झालं. आणि त्यानंतर 1946-47 मध्ये हिंदी भवनाची भिंत.

या भिंतीपाशी मला जरा थांबायचं आहे. माझ्या मते विसाव्या शतकातल्या भारतीय चित्रकलेत याहून मोठं काम फार थोडं झालं आहे, आणि आपण त्याबद्दल फार कमी बोलतो.

हिंदी भवनाच्या एका खोलीच्या तीन भिंतींचा वरचा भाग या चित्रानं व्यापला आहे. सलग मोजला तर 70 फुटांहून अधिक. विषय मध्ययुगीन संतांचा. रामानुज आहेत, कबीर आहे, सूरदास, तुलसीदास, गुरू गोविंदसिंग आहेत. पण संतांना गर्दीतून बाजूला काढून, मागे प्रभामंडळ लावून बसवलेलं नाही. सगळं चित्र एखाद्या नदीच्या ओघानं पुढे जातं आणि त्या ओघात कामकरी माणसं, बाया, मुलं, यात्रेकरू, घाट आणि गल्ल्या आहेत. त्यांच्याच अंगाला अंग लावून संत उभे आहेत. कधी कधी क्षणभर शोधावं लागतं. ज्यांनी पंढरीच्या वाटेवरची गर्दी पाहिली आहे त्यांना हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही.

आता कामाची रीत पाहा. हे चित्र ओल्या गिलाव्यावरचं आहे. चुना खूप दिवस भिजवायचा, वाळूत कालवायचा, भिंतीवर थर चढवायचे. शेवटचा थर रोज सकाळी, त्या दिवशी रंगवून होईल तेवढ्याच तुकड्यावर द्यायचा. पाण्यात कालवलेला खनिज रंग त्या ओल्या थरावर लावला, की चुना वाळताना हवेशी संयोग पावतो आणि रंग भिंतीचाच भाग होतो. यात खोडरबर नाही. चुकलं तर तो तुकडा खरवडून पुन्हा गिलावा. म्हणून या पद्धतीनं काम करणारे चित्रकार सहसा आधी पूर्ण आकाराचं रेखाटन करून घेतात आणि ते भिंतीवर उतरवतात. बिनोदबिहारींनी तसं केलं नाही. लहान लहान टिपणं हाताशी ठेवली आणि सरळ भिंतीवर काम केलं. परांचीवर चढून, डोळा भिंतीपासून काही इंचांवर ठेवून. प्रत्येक चित्रकार दर थोड्या वेळानं चार पावलं मागे सरतो, सगळं एकदा पाहतो, पुन्हा पुढे येतो. आम्हाला ते श्वासाइतकं सवयीचं असतं. त्यांना मागे सरून काही उपयोग नव्हता. 70 फुटांचं ते सगळं चित्र त्यांच्या मनातच मांडलेलं होतं, आणि भिंतीवर ते तुकड्या-तुकड्यानं उतरत गेलं.

पण ते एकटे नव्हते, आणि हे मला आवर्जून सांगायचं आहे. त्यांच्या पत्नी लीला मुखर्जी, ज्या स्वतः शिल्पकार होत्या, या कामात होत्या. जितेंद्रकुमार होते. बावीस-तेविशीतले के. जी. सुब्रह्मण्यन होते. हिंदी भवनात हजारीप्रसाद द्विवेदी होते, ज्यांचा कबीरावरचा ग्रंथ काही वर्षांपूर्वीच आला होता. क्षितिमोहन सेनांनी शांतिनिकेतनात संतवाणी गोळा करण्याचं काम त्याच्याही कितीतरी आधी केलं होतं. म्हणजे विषय हवेत होता, माणसं हाताशी होती, भिंत दिलेली होती. कलावंताची प्रतिभा या सगळ्याच्या आधी उभी नसते. ती या सगळ्यात उभी राहते.

आणि वर्ष कोणतं? ऑगस्ट 1946 मध्ये कोलकात्यात माणसं माणसांना रस्त्यावर कापत होती. ऑक्टोबरमध्ये नौखालीची बातमी आली. त्याच हिवाळ्याच्या आसपास, कोलकात्यापासून काही तासांच्या अंतरावर, एक अर्धांध माणूस परांचीवर चढून विणकर कबीर आणि त्याच्या भोवतीची गर्दी रंगवत होता. त्यांनी हे दंग्यांना उत्तर म्हणून केलं असा दावा मी करणार नाही. पण कलावंतानं जगाला काय द्यायचं, असं मला कोणी विचारलं तर मी या भिंतीकडे बोट दाखवतो. देश फाटत असताना तो ज्या धाग्यांनी विणला गेला होता ते धागे त्यांनी ओल्या चुन्यात पक्के केले. आणि अशी भिंत विकता येत नाही. ती कोणाच्या दिवाणखान्यात जात नाही. खोलीत जो येईल त्याची ती.

यानंतरचा काळ ओढाताणीचा आहे. 1949 मध्ये ते काठमांडूच्या सरकारी संग्रहालयाचे प्रमुख म्हणून नेपाळला गेले. त्याच वर्षी मुंबईत त्यांची मुलगी मृणालिनी जन्मली. मग बनस्थळी, मग मसुरीत लीलाबाईंबरोबर चालवलेली छोटी कलाशाळा, मग पाटणा. पन्नाशी ओलांडल्यावर दिल्लीत डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि उरलीसुरली नजर गेली. 1957 च्या सुमारास ते पूर्ण अंध झाले होते.

इथं आपण फार घाई करतो. आपल्याला लगेच पुढची गोष्ट हवी असते: डोळे गेले पण चित्रकार हरला नाही. या वाक्यानं ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात आणि विचार थांबतो. डोळे जाणं हे चित्रकारावर आलेलं संकट आहे. त्यात कलेचा काही फायदा नाही. दुःखातून कला मोठी होते, हा समज आपल्याकडे इतका रुजला आहे की कलावंताच्या औषधपाण्याची, निवृत्तिवेतनाची सोय करण्यापेक्षा त्याच्या दुःखाचं कौतुक करणं आपल्याला सोपं जातं. बिनोदबिहारींनी स्वतः आपल्या अंधत्वाबद्दल जे लिहिलं आणि सांगितलं त्यात ना रडणं आहे ना विजयाची आरोळी. ती एक नवी अवस्था आहे, नवा अनुभव आहे, असं ते म्हणत आले. ज्याला तपासून पाहायचं आहे अशा गोष्टीबद्दल माणूस जसं बोलतो तसं.

माझा प्रश्न वेगळा आहे. अंध चित्रकाराला 1958 मध्ये नोकरी कोणी दिली?

कलाभवनानं. त्यांना परत बोलावलं गेलं आणि ते कलेचा इतिहास शिकवू लागले. जरा कल्पना करा. समोर विद्यार्थी बसलेले आहेत, आणि ज्याला ते चित्र आता कधीही दिसणार नाही असा शिक्षक अजिंठ्याबद्दल, जपानी पडद्यांबद्दल, मोगल लघुचित्रांबद्दल बोलतो आहे. त्याच्याकडे आहे ती चाळीस वर्षं डोळ्यांशी धरून पाहिलेल्या चित्रांची आठवण. जो माणूस जवळून, तुकड्या-तुकड्यानं पाहत आला, त्याला प्रत्येक तुकडा पाठ असतो. दुसऱ्या एखाद्या संस्थेनं नियम काढला असता, वैद्यकीय दाखला मागितला असता. इथं एका माणसाकडे जे उरलं होतं त्याचा हिशेब केला गेला, जे गेलं त्याचा नाही. मी याला करुणा म्हणत नाही, याला चांगली शिक्षणव्यवस्था म्हणतो.

शिकवण्याबरोबर काम सुरू झालं. कागदाला घड्या घालायच्या, कापायचं, रंगीत तुकडे चिकटवायचे. बोटाला धार कळते, घडी कळते. मेणाच्या लहान मूर्ती. रेखाटनंही, एका हातानं कागदाची जागा धरून ठेवत. कागदाच्या घड्यांतून जी माणसं तयार झाली ती पुढे चिनी मातीच्या फरशांवर उतरली, आणि 1972 मध्ये कलाभवनाच्या आवारात त्यांनी अशा फरशांचं भित्तिचित्र पूर्ण केलं. पुन्हा भिंत! पुन्हा मदतीला विद्यार्थी, भट्टी लावणारे, फरशा चिकटवणारे हात. राय यांचा त्याच वर्षीचा लघुपट त्याच कामापासून सुरू होतो. काळा चष्मा लावलेला माणूस फरशीच्या कडा बोटांनी चाचपतो, आणि पुढची फरशी कुठं बसेल हे सांगतो. चित्रपट वीस-एक मिनिटांचा आहे. शेवटी निखिल बॅनर्जींच्या सतारीवर आसावरी येते. मिळाला तर जरूर पाहा, आणि पाहताना फक्त त्यांच्याकडे पाहू नका, त्यांच्या आजूबाजूला वावरणाऱ्या माणसांकडेही पाहा.

पुढे त्यांचं 'चित्रकार' हे आत्मकथन बंगालीत आलं. दिसत नसल्यानं ते सांगून लिहून घेतलेलं. त्यासाठीही रोज येऊन बसणारा, न कंटाळता उतरवून घेणारा कोणीतरी लागला. 11 नोव्हेंबर 1980 रोजी ते गेले.

ज्या सुब्रह्मण्यनांनी हिंदी भवनाच्या परांचीवर मदत केली ते पुढे बडोद्याला गेले आणि तिथल्या कलाशाळेचा कणा झाले. त्यांच्याच हाताखाली मृणालिनी मुखर्जी शिकल्या. वडिलांची मुलगी, पण माध्यम अगदी वेगळं. तागासारख्या दोरांना रंग देऊन, गाठी मारत मारत त्यांनी माणसाहून उंच शिल्पं उभी केली, आधी रेखाटन न करता, गाठीमागून गाठ. 2019 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं. वडिलांनी भिंतीवर जे केलं आणि मुलीनं दोरीत जे केलं, त्यात हाताच्या अंतरावरून विचार करण्याची एकच रीत मला दिसते.

आता आपल्या अधिक जवळचं उदाहरण घेऊ, आणि ते थोडक्यात, कारण या सभागृहात कुमार गंधर्वांबद्दल माझ्याहून जास्त जाणणारे बसले आहेत. देवधर मास्तरांचा हा शिष्य विशीतच गाजला. 1947 मध्ये लग्न झालं, क्षय झाला, आणि 1948 च्या सुरुवातीला ते देवासला आले. पाचएक वर्षं गाणं बंद. या काळाबद्दल आपण बोलतो तेव्हा कुमारांच्या चिंतनाबद्दल बोलतो. पण भानुमतीबाईंनी तिथं शाळेत नोकरी करून घर चालवलं, शुश्रूषा केली. नवं औषध मिळालं. आणि अंथरुणावर पडलेल्या या गायकाच्या कानावर माळव्यातल्या बायकांची गाणी आली. दारावरून जाणाऱ्या फकिरांची, नाथपंथी जोग्यांची भजनं आली. ते कोणी त्यांच्यासाठी गात नव्हतं. पण गायचं नाही म्हणून ऐकणं एवढंच उरलेल्या माणसाला त्या आवाजांनी रागाच्या मुळाशी नेलं. 1953 च्या सुमारास ते परत गायला लागले तेव्हा एका फुप्फुसाच्या बळावर, लहान लहान तानांचं, निराळ्या ठेवणीचं गाणं घेऊन. लोकधुनांतून उगवलेले राग, माळव्याच्या गीतांचे कार्यक्रम, निर्गुणी भजनं, सगळं त्यानंतरचं. इथं भिंत देणारी माणसं अनाम होती. पण दिली त्यांनीच.

फ्रान्सचे चित्रकार आंरी मातिस यांचंही असंच आहे. 1941 मधल्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर उभं राहून रंगवणं कठीण झालं, तेव्हा ते रंगवलेले कागद कात्रीनं कापू लागले, हे सगळे जाणतात. त्यांच्या उतारवयातलं सर्वांत मोठं काम, वांस गावचं प्रार्थनामंदिर, 1951 मध्ये पूर्ण झालं. त्यांची शुश्रूषा केलेली एक तरुणी पुढे जोगीण झाली आणि आपल्या मठाच्या प्रार्थनामंदिराची कल्पना घेऊन त्यांच्याकडे आली, त्यातून ते उभं राहिलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजारी माणसाला कोणीतरी येऊन मागितलं.

मागणं. मला वाटतं आपल्या समाजात हेच थांबलं आहे. आपण कलावंतांना पुरस्कार देतो, सत्कार करतो, शाल घालतो. म्हणजे काम संपलं असं त्यांना सांगतो. साठीच्या चित्रकाराला कोणी असं म्हणत नाही, की अहो, आमच्या दवाखान्याची भिंत कोरी आहे, तुम्ही येता का?

कोणी म्हणेल, अस्सल कलावंत मागणीची वाट पाहत नाही. खरं आहे, काही पाहत नाहीत. आणि मी सांगितलेली सगळी माणसं मागणी येण्याआधी वर्षानुवर्षं आपल्या जागेवर बसलेली होती. रवींद्रनाथांची अट त्यांनी पाळली होती. पण ज्यांनी पाळली आणि तरीही ज्यांच्याकडे कोणी आलं नाही, त्यांची नावं मला आणि तुम्हाला ठाऊक नाहीत. ठाऊक नसण्याचं कारणच ते आहे.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती मला एका मराठी चित्रकारानं शिकवली. भास्कर कुलकर्णी. 1966-67 मध्ये बिहारात भीषण दुष्काळ पडला. मधुबनीच्या खेड्यांतल्या बायका लग्नाच्या वेळी घराच्या भिंतींवर चित्रं काढत आल्या होत्या. त्यांच्या हाताला काम आणि घराला पैसा मिळावा म्हणून पुपुल जयकर यांच्या पुढाकारानं अखिल भारतीय हस्तकला मंडळानं कुलकर्णींना तिकडे पाठवलं. मुंबईचा हा चित्रकार खेड्यांत राहिला आणि त्यानं बायकांच्या हातात कागद दिला. भिंतीवरचं चित्र कागदावर आलं, कागद विकता आला, आणि पुढे सीतादेवी, गंगादेवी, जगदंबादेवी यांची नावं देशाला कळली. घराघरांत अनाम राहिलेल्या हातांना नाव मिळालं, ही मला त्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

नंतर सत्तरच्या दशकात कुलकर्णी डहाणूजवळच्या गंजाडला गेले. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक लिहिण्याचं काम बायकांचं. पण तिथं जिव्या सोमा मशे नावाचा एक माणूस लग्नाचं निमित्त नसतानाही तांदळाच्या पिठानं चित्रं काढत होता. त्यालाही कागद मिळाला. मासे पकडणारं मोठं जाळं, मुंग्यांचं वारूळ, तारप्याभोवतीचा नाच. मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. आज वारली चित्र साड्यांवर आणि कपांवर पाहून त्याचं आपल्याला काही वाटेनासं झालं आहे, पण मशे यांचं एखादं मूळ चित्र समोर उभं राहून पाहा. त्या जाळ्याचा एकेक डोळा हातानं विणल्यासारखा रेखलेला असतो.

कुलकर्णींची स्वतःची चित्रं किती जणांनी पाहिली आहेत? फार थोड्यांनी. मला ते दुर्दैव वाटत नाही. एका चित्रकारानं ओळखलं होतं की आपल्या नजरेचा सर्वांत चांगला उपयोग दुसऱ्याचा हात ओळखण्यात आहे. प्रयोजन नव्यानं शोधणाऱ्या कलावंताला हाही रस्ता मोकळा आहे. तुम्हाला भिंत मिळत नसेल तर तुमच्याकडे कोणाला देण्यासारखा कागद आहे का? ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांनी आयुष्यभर दुसरं काय केलं?

म्हणून माझी या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना एक जाहीर विनंती आहे. दरवर्षी एक भिंत द्या. काम थांबलेल्या एका कलावंताला, वय काहीही असो, एक वर्षासाठी. जवळच्या कलाशाळेतली दोन मुलं मदतीला द्या आणि तिघांनाही मानधन द्या. विषय देऊ नका. उद्घाटनाची तारीख आधी ठरवू नका. ज्याला कमी दिसायला लागलं आहे, ज्याचा हात थरथरतो, त्याला आधी विचारा. फरशा चालतील, चुना चालेल, मातीचं उठावाचं काम चालेल; गावातल्या कुंभारांची भट्टी आहे, तिलाही काम मिळेल. पैसा लागेल, पण या सभागृहाला आणि ध्वनिक्षेपकाला जो लागतो त्याहून फार जास्त लागणार नाही.

गिलाव्याचं काम मला येतं आणि पहिल्या वर्षी मी ते करीन. चुना काही महिने आधी भिजत घालावा लागतो, तेव्हा जागा पावसाळ्यापूर्वी ठरली तर दिवाळीनंतर काम सुरू करता येईल. वाचनालयाची मागची भिंत उत्तरेला तोंड करून आहे, तिच्यावर थेट ऊन येत नाही. आत येण्यापूर्वी मी ती हात लावून पाहिली. खालचा हातभर भाग ओल धरतो, तो सोडावा लागेल. त्याच्या वरची भिंत चांगली आहे. कार्यकारिणीची बैठक रविवारी आहे असं मला सांगण्यात आलं. मी मोजमाप घेऊन येतो.